बुंध्यावरचे लाखी अळंबे

श्रावणातल्या दोन-चार मोठ्या सरी होऊन गेल्या, की अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या जुन्या शिरीषाच्या, गुलमोहराच्या अथवा शिसवीच्या बुंध्याशी एखाद्या सकाळी काहीतरी नवे उगवलेले दिसते. प्रथम तो नुसता पांढरट-पिवळसर गोळा असतो. मग काही दिवसांत तो आडवा पसरतो, अर्धचंद्राचा आकार घेतो आणि त्याची वरची बाजू तांबूस-तपकिरी होऊन तिला अशी चकाकी येते, की एखाद्या सुताराने तीवर लाखेचा हात फिरवला असावा. कडेला फिकट किनार, खाली पांढुरका तळ. हात लावून पाहावे तर पावसाळी छत्रीचा मऊपणा नाही. लाकडासारखा टणक स्पर्श. दांडा बहुधा नसतो, असलाच तर आखूड आणि एका अंगाला. भिंतीत फळी ठोकावी, तसे हे अळंबे खोडातून पुढे आलेले असते.

ते दिसले, की घरात तीन मते पडतात. कोणी म्हणते, ‘ही बांडगुळासारखी घाण आहे, कोयतीने खरवडून टाका म्हणजे झाड वाचेल.’ दुसरे कोणी म्हणते, ‘झाड आतून सडले, आता ते घरावर पडण्याआधी तोडलेच पाहिजे.’ तिसरे कोणी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेले असते. ते म्हणते, ‘अहो, हे तर औषध! याच्या गोळ्या केवढ्या महाग विकतात!’ या तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि तिन्हींत धोकाही आहे. झाड वाचवायचे की पाडायचे, हा प्रश्न तर अनेकदा माणसांच्या जिवाशी आणि पन्नास-साठ वर्षांच्या सावलीशी निगडित असतो. म्हणून या अळंब्याची नीट ओळख करून घ्यावी, असे आम्हांस वाटले.

शास्त्रज्ञ या कुळाला ‘गॅनोडर्मा’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘गॅनोस’ म्हणजे चकाकी आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. एकूण अर्थ ‘चकचकीत कातडीचे’. इंग्लंडातील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस यांनी १७८१ साली यातील एका जातीला ‘ल्युसिडस’, म्हणजे तेजस्वी, असे नाव दिले. पुढे १८८१ साली फिनलंडचे कार्स्टेन यांनी तिच्यासाठी ‘गॅनोडर्मा’ ही स्वतंत्र प्रजाती मानली. आपल्याकडे डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत लाकूड कुजवणाऱ्या बुरशींचा मोठा अभ्यास झाला. तेथील बी. के. बक्षी यांचा अशा अळंब्यांवरील ‘इंडियन पॉलिपोरेसी’ हा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. शिसव, खैर, बाभूळ यांच्या लागवडीत मुळे कुजवून झाडे मारणारी बुरशी म्हणून गॅनोडर्माची नोंद आपल्या वनखात्याच्या लेखी जुनीच आहे.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की बुंध्यावर दिसते ते या बुरशीचे केवळ फळ होय. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तसे बुरशीला हे अळंबे. फरक इतकाच, की आंब्याचे झाड आपल्याला दिसते आणि या बुरशीचे ‘झाड’ दिसत नाही. ते केसाहूनही बारीक अशा तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने मुळांत आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेले असते. अनेक वर्षे आतल्या आत लाकूड खाऊन पुष्ट झाल्यावर ते जाळे सालीबाहेर फळ धरते. म्हणजे अळंबे दिसले तो रोगाचा पहिला दिवस नसतो. कित्येकदा तोवर पाच-दहा पावसाळे उलटून गेलेले असतात.

या फळाचे काम बीजाणू उधळण्याचे. अळंब्याच्या तळाकडे भिंग धरून पाहिले, तर सुईने टोचावी तशी असंख्य छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र ही एक उभी नळी असते आणि तिच्या भिंतींवर बीजाणू तयार होऊन खाली गळतात. ते कोकोच्या भुकटीसारखे तपकिरी असतात. अळंब्याच्या खालची पाने, दगड आणि पुष्कळदा अळंब्याची वरची चकाकीसुद्धा या भुकटीने झाकली जाते. आपल्या लाखी अळंब्याचा एक मोठा, बिनचकाकीचा चुलतभाऊ आहे. तो हंगामात दिवसाला सुमारे तीन हजार कोटी बीजाणू सोडतो, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. यांपैकी जवळजवळ सारे वाया जातात. पण एखाद्याला झाडाची ताजी जखम सापडली, की नव्या घराचा पाया पडतो.

ही बुरशी खाते तरी काय? लाकडाची बांधणी सिमेंटच्या इमारतीसारखी असते. इमारतीत लोखंडी सळ्या असतात आणि त्यांना धरून ठेवणारे काँक्रीट असते. लाकडात सळ्यांच्या जागी सेल्युलोजचे धागे आणि काँक्रीटच्या जागी लिग्निन नावाचे चिवट द्रव्य असते. लिग्निन पचवणे फार अवघड. बहुतेक जीवजंतू त्याच्या वाटेस जात नाहीत. गॅनोडर्मा आणि तिच्यासारख्या ‘पांढरी कूज’ करणाऱ्या बुरशी मात्र ते फोडू शकतात. लिग्निन तोडणारे एक प्रभावी विकर अशाच एका बुरशीत १९८३ साली अमेरिकी संशोधकांना सापडले, तेव्हा या पचनशक्तीचे रहस्य प्रथम उलगडू लागले. अशा कुजीत लाकूड फिकट पडते, स्पंजासारखे मऊ होते आणि बोटांनी दाबले तर त्याचे तंतू सुटतात. वरून साल शाबूत, फांद्यांवर पाने हिरवीगार, आणि आतला आधार मात्र ओलसर भुग्याच्या वाटेवर, अशी स्थिती होते.

दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत विद्वानांचीही समजूत अशी होती, की लाकूड आपोआप कुजते आणि त्या कुजीतून अळंबी जन्म घेतात. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७४ आणि १८७८ सालच्या आपल्या ग्रंथांतून हे उलटे केले. खोडावरचे अळंबे आणि आतल्या कुजक्या लाकडातील तंतू हे एकाच जिवाचे भाग आहेत, आणि कूज ही त्याचीच करणी आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले.

पण मग बुरशी आत शिरते कशी? धडधाकट सालीतून सहसा तिला वाट मिळत नाही. तिला हवे असते उघडे लाकूड, आणि ते देण्याचे काम बहुतेक वेळा आपण माणसेच करतो. रस्ता रुंद करताना, नळ किंवा केबल टाकण्यासाठी चर खणताना झाडाची जाडजूड मुळे कुदळीने सपासप तोडली जातात. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर गेलेली असतात; त्यामुळे बुंध्यापासून चार पावलांवर खणलेला चरही झाडाचा पाय तोडल्यासारखाच होतो. भर म्हणून बुंध्याभोवती पार बांधला जातो. आपल्या पूर्वजांचे पार दगड-मातीचे असत, त्यांच्या सांध्यांतून पाणी आणि हवा जात असे. आजचा पार सिमेंटचा आणि वर गुळगुळीत फरशी. खोडाच्या गळ्याशी माती चढवलेली. आत मुळे गुदमरतात, साल सडते आणि बुरशीला दार उघडे होते. जाहिरातीच्या पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, गाडीचा धक्का, वेड्यावाकड्या छाटलेल्या फांद्या ही आणखी काही दारे.

याशिवाय एक भूमिगत वाटही आहे. जुने झाड तोडले, की त्याचा खुंट आणि मुळे जमिनीत राहतात. त्यांत बुरशी तग धरून राहते आणि शेजारच्या झाडाची मुळे त्यांना भिडली, की त्यांतून पलीकडे जाते. जंगल तोडून केलेल्या लागवडींत रोपे मरत, त्याचे एक कारण जमिनीत राहिलेले जुने खुंट हेच होते. तंजावरच्या मराठी घरांना या बुरशीची दुसरी बाजू माहीत असेल. त्या जिल्ह्यात १९५२ सालाच्या सुमारास नारळाच्या झाडांवर जी मर पसरली आणि जिला पुढे ‘तंजावर मर’ हेच नाव पडले, ती गॅनोडर्माचीच. म्हणजे ही बुरशी पानझडी वृक्षांवरच थांबते असे नाही. माडाच्या मुळांतही ती तितक्याच सहज शिरते.

तरीही झाड निमूटपणे मार खात बसत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने यंत्रकरवतीने हजारो झाडे उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : माणसाची जखम भरते, कारण तेथे नवी पेशी जुनीची जागा घेते. झाडाला ही सोय नाही. झाड जखमी भागाभोवती तटबंदी उभारते आणि तो भाग उर्वरित शरीरापासून तोडून टाकते. वर-खाली जाणाऱ्या नळ्या ते बुजवते, आतल्या बाजूस आणि आजूबाजूस विषारी द्रव्यांचे थर घालते. आणि सर्वांत भक्कम भिंत असते ती जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवर. जखमेच्या दिवशी जे लाकूड होते त्यात कूज पसरते. त्यानंतर बाहेरून वाढलेले लाकूड बहुधा वाचते. झाड आपल्या दुखण्याला बरे करीत नाही, ते दुखणे कोंडून त्याच्याबाहेर वाढत जाते. गॅनोडर्मासारखी चिवट बुरशी यांतल्या काही भिंती कालांतराने फोडते, आणि मग झाडाची वाढ व बुरशीची भूक यांत वर्षानुवर्षे शर्यत चालते.

पोकळ खोडाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात याचे इंगित यातच आहे. खोडाचा गाभा मेलेल्या लाकडाचा असतो. रस वाहतो तो सालीलगतच्या जिवंत लाकडातून. शिवाय पोकळ नळी भरीव दांड्याच्या मानाने फारशी दुबळी नसते, हे सायकलची चौकट पाहणाऱ्या कोणासही पटेल. खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश जाडीचे निरोगी कवच सभोवार शिल्लक असेल तर झाड सहसा मोडत नाही, असा एक ठोकताळा वृक्षतज्ज्ञ वापरतात. मात्र तो खोडासाठी आहे, मुळांसाठी नव्हे. गॅनोडर्माचे खरे भय मुळांत असते. मुळे कुजली, की भरघोस पानांचे झाडही वाऱ्यापावसाच्या रात्री समूळ आडवे होते.

आता त्या तीन मतांकडे वळू.

अळंबे खरवडून टाकावे, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की कैऱ्या तोडल्याने आंब्याचे झाड मरत नाही. अळंबे काढले तर बीजाणू उधळणे तेवढे थांबेल. आतली कूज थांबणार नाही. उलट धोक्याची खूण पुसली जाईल आणि पुढच्या वर्षी पाहणाऱ्यास काहीच कळणार नाही. पोकळीत सिमेंट भरण्याची किंवा जखमेला डांबर फासण्याची पद्धतही एके काळी सर्रास होती. सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही, त्यामुळे आतून घासते आणि ओल धरते. डांबराने कूज अडत नाही, हे शिगो यांच्यासारख्यांच्या प्रयोगांनी दाखवले. हे दोन्ही उपाय आता जाणकारांनी सोडून दिले आहेत. बुंध्यात शिरलेली ही बुरशी खात्रीने नाहीशी करील असे औषध आजही नाही.

झाड ताबडतोब तोडावे, असे म्हणणाऱ्याने थोडा धीर धरून झाड तपासावे. अळंबे उंच फांदीवर आहे की बुंध्याशी? फांदीवर असेल तर ती फांदी योग्य जागी छाटून पुष्कळदा भागते. बुंध्याशी किंवा मुळांवर असेल तर बाब गंभीर. एक अळंबे आहे की सभोवार रांग? लाकडी मोगरीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहावे. भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ जागी ढोलासारखा आवाज येतो. खोड एका बाजूस नव्याने कलले आहे का, कलत्या बाजूच्या विरुद्ध जमीन उचलली किंवा भेगाळली आहे का, हे पाहावे. पानझडी झाडाच्या बाबतीत एक विशेष दक्षता हवी. माघ-फाल्गुनात ते निष्पर्ण होते, तेव्हा त्याच्या तब्येतीचा अंदाज येत नाही. खरी परीक्षा नव्या पालवीची. शेजारच्या त्याच जातीच्या झाडाहून पालवी उशिरा आली, पाने लहान व विरळ आली, शेंड्याच्या काटक्या वाळल्या, तर मुळे थकली असे समजावे. यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या आणि झाडाखाली घर, शाळा किंवा रहदारीचा रस्ता असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहता नगरपालिकेच्या उद्यान विभागास अथवा जाणत्या वृक्षतज्ज्ञास बोलवावे. बहुतेक शहरांत झाड तोडण्यास परवानगी लागते, हेही विसरू नये. कित्येकदा वरचा भार हलका करणे किंवा खालचा बाक अन्यत्र नेणे एवढ्यानेही धोका कमी होतो. आणि कित्येकदा झाड पाडावेच लागते. तेव्हा ममतेपोटी डोळेझाक करणे हे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे ठरते.

राहिले औषधाचे. चीनमध्ये या कुळातील एका जातीला ‘लिंगझी’ म्हणतात आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या औषधिग्रंथांत तिचा गौरव आहे. जपानी लोक तिला ‘रेशी’ म्हणतात. आपल्याकडेही कोकण-गोव्यात फणसाच्या खोडावर येणारे ‘फणसोंबा’ नावाचे कठीण अळंबे जुन्या बायका जपून ठेवीत. लहान मुलाची लाळ फार गळू लागली, हिरड्या दुखावल्या, की ते सहाणेवर पाण्यात उगाळून लावण्याची रीत होती. परंतु फणस सदाहरित आणि फणसोंबाही गॅनोडर्मा नव्हे. ते ‘फेलिनस’ नावाच्या दुसऱ्याच प्रजातीचे. नावे आणि रूपे सारखी भासली तरी वस्तू निराळ्या असतात, याचे हे घरचेच उदाहरण.

लाखी अळंब्यांतही हीच गफलत आहे. ज्याला आपली जुनी पुस्तके सरसकट ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हणत आली, त्यात अनेक वेगळ्या जाती दडलेल्या आहेत. चीनमधले प्रसिद्ध लिंगझीसुद्धा युरोपातल्या ल्युसिडमहून भिन्न आहे, असे अभ्यासकांनी दाखवले आणि २०१२ साली त्याला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ असे निराळे नाव मिळाले. तेव्हा आपल्या गुलमोहरावर उगवलेले अळंबे म्हणजे तेच, असे समजून त्याचा काढा करणे धाडसाचे आहे. रस्त्याकडेच्या झाडात धुराचा आणि गटाराचा अंश किती, हेही सांगता येत नाही. गोळ्या, भुकटी आणि कॉफी यांच्या रूपाने जे विकले जाते, त्याच्या दाव्यांबद्दलही सावध असावे. कर्करोगावरील त्याच्या उपयोगासंबंधी झालेल्या चाचण्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी तपासल्या. २०१६ सालच्या त्यांच्या आढाव्यात निष्कर्ष असा निघाला, की मुख्य उपचार म्हणून याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. घरात दुखणे असले, की आशा वाट्टेल ती किंमत मोजते. म्हणून सांगावेसे वाटते, की चालू उपचार थांबवून यामागे लागू नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊच नये.

एवढे सारे वाचून या बुरशीचा राग येणे स्वाभाविक आहे. पण नर्मदेकाठच्या पानझडी रानात गेले, तर तिचे दुसरे रूप दिसते. तेथे तिला कोणी शत्रू म्हणत नाही. वठलेला साग-शिसव पडतो, बुरशी त्याला फोडते आणि त्याचे लाकूड पुन्हा मातीत मिसळून नव्या रोपांना मिळते. लिग्निन पचवणारे हे जीव नसते, तर पडलेल्या ओंडक्यांखाली रान केव्हाच गाडले गेले असते. उभ्या झाडाच्या पोकळ्यांत पोपट, पिंगळे आणि धनेश पिले वाढवतात. त्या पोकळ्यांचा आरंभही पुष्कळदा अशाच बुरशीने मऊ केलेल्या लाकडापासून होतो. रानात तिच्या कामाला वेळ आणि जागा असते. शहरात आपण झाडाला दोन हात माती ठेवीत नाही, त्याची मुळे तोडतो, आणि मग जे शंभर वर्षांनी व्हावयाचे ते चाळिसाव्या वर्षीच होते.

तेव्हा खरा उपाय अळंबे दिसण्याच्या कितीतरी आधीचा आहे. बुंध्याभोवती शक्य तेवढी जमीन उघडी ठेवावी. पार बांधायचाच असेल तर तो खोडापासून दूर, सांधे मोकळे ठेवून बांधावा. चर खणणारे मजूर दाराशी आले, की एखाद्या घरातल्या माणसाने बाहेर येऊन, ‘हे जाड मूळ राखा, पाइप त्याच्या खालून घ्या,’ एवढे सांगावे. खिळे व तारा काढाव्यात. फांदी छाटताना ती खोडाला अगदी घासून कापू नये आणि खुंटही ठेवू नये. फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते, तिच्या बाहेरून कापावी, म्हणजे झाडाला आपली तटबंदी नीट उभारता येते. आणि ज्या झाडाच्या बुंध्याशी लाखी अळंबे दिसले, त्याचा वारस त्याच वर्षी लावावा. मात्र त्याच खड्ड्यात नव्हे, तर जुन्या मुळांपासून दूर, निराळ्या जातीचा. कारण जुने झाड कदाचित अजून वीस पावसाळे काढील, कदाचित दोनच. तोवर धाकटे झाड निदान एका माणसापुरती तरी सावली धरू लागलेले असावे.